विषय वाचून व्हायच्या आत मंजूर

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पालीला घाबरते, बँकेतल्या साहेबाला घाबरते, अवेळी वाजणाऱ्या फोनला घाबरते. नवरा मोटार चालू करायला गेला आणि वेळेत परतला नाही, तर शॉक बसण्यापासून साप चावण्यापर्यंत सगळं माझ्या डोक्यात होऊन जातं, आणि हे महाशय बांधावर कुणाशी तरी गप्पा ठोकत उभे असतात. शाळेत मात्र मी इतिहास शिकवला तो छाती पुढे काढून. फळ्यासमोर उभी राहून मी कितीतरी साम्राज्यं उलथवली. तिथं भ्यायचं कारणच नव्हतं, सगळे शत्रू केव्हाच मेलेले होते.

माझं माहेर वडगाव निंबाळकरचं, म्हणजे कालव्याच्या वरच्या अंगाला. तिथं पाणी कसं येतं याचा विचार कुणी करत नाही, ते येतंच. सासर अंथुर्ण्याकडचं, कालव्याच्या शेवटाजवळ. लग्न होऊन आले तेव्हा इथल्या बायका पाण्याविषयी माणसाविषयी बोलावं तसं बोलायच्या. आलं का, कुठवर आलं, रुसलं का. मला हसू यायचं. पहिला उन्हाळा काढला आणि हसू बंद झालं.

आमच्या गावाला एक साठवण तलाव आहे. कालव्याला पाणी सुटलं की तो भरून घ्यायचा आणि मग पाटानं पाळीपाळीनं सगळ्यांच्या शेतात सोडायचं, अशी ही व्यवस्था. गावानं पाण्याची संस्था काढून तो तलाव खणला. माझ्या सासऱ्यांनी त्याच्या भरावावर मातीच्या पाट्या टाकल्या होत्या. आमची पेरूची बाग, शेजाऱ्याचा ऊस, पलीकडची डाळिंबं, सगळं त्या तलावावर. संस्थेचे चेअरमन आमच्या भावकीतलेच, नवऱ्याचे चुलतभाऊ. गाव त्यांना तात्या म्हणतं. गोड माणूस. लग्नकार्यात वाढायला पुढे, दवाखान्यात पोचवायला गाडी घेऊन हजर. त्यांच्यावर रागावायला कारण सापडत नाही, आणि तीच मोठी पंचाईत आहे.

मी निवृत्त झाले त्या वर्षी आमच्या माडीवरच्या खोलीत एक पाहुणी राहायला आली. इथिओपियाची. बारामतीला शेतीचं पुढचं शिक्षण घेत होती आणि कालव्याच्या शेवटाला पाणी कसं वाटून घेतात ते पाहायला तिला आमच्या भागात काही महिने राहायचं होतं. कॉलेजातल्या ओळखीतून विचारणा झाली. मी हो म्हणाले आणि लगेच घाबरले. ही काय खाईल, हिच्याशी बोलायचं कसं, गाव काय म्हणेल. गाव बरंच काही म्हणालं. पहिले काही दिवस आमच्या दारात इतक्या बायका हळद मागायला आल्या की आमच्याकडची हळद खरंच संपली.

खाण्याचा प्रश्न कारळ्यानं सोडवला. मी तिला भाकरीबरोबर कारळ्याची चटणी वाढली, तर तिनं चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मोठे केले. कारळे त्यांच्याकडेही पिकतात म्हणे, घरोघरी. मग तिनं तिच्याकडच्या भाकरीचं सांगितलं, बारीक धान्याच्या पिठाची, आंबवून केलेली, आपल्या आंबोळीच्या जवळ जाणारी. बुधवारी नि शुक्रवारी तिचा उपवास. मी मोठ्या कौतुकानं दूध घालून साबुदाण्याची खीर केली, तर तिच्या उपवासाला दूध चालत नाही, डाळ मात्र चालते. "असला कसला उपवास," मी मराठीत पुटपुटले. ते तिला बरोबर कळलं आणि ती खूप हसली. तिचं हिंदी मोडकं, माझं इंग्रजी शाळेतलं, पण स्वयंपाकघरात आमचं काही अडलं नाही.

एकदा ती हिरव्या कॉफीचे दाणे कढईत भाजत होती. घरभर धूर झाला होता. मी तिच्या शेजारी मटार सोलत बसले होते आणि बोलता बोलता माझा ठरलेला धडा सुरू झाला. इंग्रजांनी आम्हाला लुटलं, कापूस नेला, कापड आणून विकलं, म्हणून आम्ही गरीब राहिलो. हे वाक्य मी इतकी वर्षं शिकवलं की झोपेतही म्हणेन. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्यावर कुणीच राज्य केलं नाही. मग आम्ही का गरीब?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. ती सांगत होती की त्यांच्या राजानं इटलीच्या फौजेला डोंगरात हरवलं, आणि शाळेत त्यांना ते अभिमानानं शिकवतात. नंतर काही वर्षं इटलीवाले येऊन बसले होते, पण त्याला ते राज्य मानतच नाहीत. सगळा खंड गोऱ्यांनी वाटून घेतला, तिचा देश जवळजवळ एकटाच उरला. "लहानपणी मला वाटायचं, आम्ही जिंकलो, तर मग आम्हाला जेवायला का मिळत नाही?"

मी शिक्षिकेच्या सवयीनं कारणं पुरवायला लागले. समुद्र नाही का तुम्हाला? आता नाही, ती म्हणाली, किनाऱ्याचा भाग तुटून वेगळा देश झाला, माल दुसऱ्याच्या बंदरातून न्यावा लागतो. पाऊस? तोही दगा देतो. लढाया? त्या संपतच नाहीत. कॉफी आम्ही कच्ची विकतो आणि नफा भाजणारा खातो. हे सगळं खरं आहे, ती म्हणाली, पण समुद्र नसलेले श्रीमंत देशही आहेत. वर तिनं हेही सुनावलं की तुमचे इंग्रज निदान कालवा तरी खणून गेले. त्यावर मात्र मी उसळले. कालवा दुष्काळात उपाशी माणसांच्या हातांनी खणला आहे, इंग्रजांनी नुसतं उभं राहून मोजमाप घेतलं, असं मी तिला ठणकावून सांगितलं. भांडण मिटवायला आम्ही कॉफी प्यायलो. फार कडू होती.

या प्रश्नाला उत्तर म्हणून मी तिला संस्थेच्या सभेला घेऊन गेले. मला दाखवायचं होतं की बघ, आमच्याकडे पाण्याची मालकी लोकांकडे आहे, चेअरमनला आम्ही निवडतो, सगळं सभेत ठरतं. तुमच्याकडे हे नाही म्हणून तुम्ही मागे. एवढं स्पष्ट मी बोलले नाही, पण मनात तेच होतं. साडी नेसताना मी चक्क देशाच्या वतीनं नेसत होते.

आमच्याकडची सभा ज्यानं पाहिली नाही त्याला सांगते. मंडप, चहा, भेळ. सेक्रेटरी माइकवर विषय वाचायला घेतो आणि त्याचं वाक्य संपायच्या आत पुढच्या रांगेतून आवाज येतो, "मंजूर!" मग मागून "मंजूर, मंजूर" असा गजर होतो, हात वर जातात, आणि तोवर पुढचा विषय आलेला असतो. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली आहे की माणसं चहा पिता पिता, पेरूला काय भाव मिळाला ते बोलता बोलता हात वर करतात. मीही केला. नवऱ्यानंही केला. उन्हं उतरायच्या आत सगळे विषय संपले आणि राष्ट्रगीत झालं.

बाहेर आल्यावर मी तिच्याकडे मोठ्या ऐटीत पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. तिनं हळूच विचारलं, "शेवटी तुम्ही हात वर केलात, तो कशासाठी?"

मला सांगता येईना. मी नवऱ्याला विचारलं. ते म्हणाले, तलावाचं काहीतरी होतं, दुरुस्ती असेल. शेजारच्याला विचारलं, त्याला वाटलं नवीन पाइपाचं. शेवटी सेक्रेटरीला गाठलं. त्यानं खुर्च्या गोळा करता करता सांगितलं की फळांचा रस काढणारा कारखाना येतोय, तलावाचं पाणी त्यांना लांब मुदतीनं द्यायचं ठरलं, उरलेलं पाणी सभासदांना. सगळ्यांनीच तर मंजूर केलं की बाई, तो म्हणाला.

उरलेलं. कालव्याच्या शेवटाला उरलेलं म्हणजे काय असतं, ते मला लग्नापासून माहीत होतं. सासऱ्यांनी पाट्या टाकलेला तलाव मी चहाचा कप हातात धरून देऊन टाकला होता.

त्या संध्याकाळी तिनं तिच्या गावाचं सांगितलं. उंबरासारख्या एका मोठ्या झाडाखाली गावाची सभा भरायची. तिकडे जमीन सरकारची, शेतकऱ्यानं फक्त कसायची. राजा होता तेव्हा जमीनदाराची होती. पुढे 'जमीन कसणाऱ्याची' असं म्हणत लोक रस्त्यावर आले, राजा गेला, जमीनदार गेला, आणि जमीन सरकारची झाली. तर एकदा अधिकारी आले आणि म्हणाले, इथं मोठी लागवड होणार आहे, तुम्हाला दुसरीकडे जागा मिळेल, कुणाची हरकत? सगळ्यांनी संमतीचे हात वर केले. तिच्या वडिलांनीही केला. एकट्या काकानं केला नाही. काही दिवसांनी त्याला गाडीतून नेलं. तो परत आला, पण फार उशिरा.

"नेलं, ते तेवढं वाईट नव्हतं," ती म्हणाली. "परत आल्यावर त्याच्या दाराशी कुणी गेलं नाही. माझे वडीलही गेले नाहीत. सख्खा भाऊ." आणि थोडं थांबून म्हणाली, "तो अधिकारी आमच्याच भाषेत बोलत होता. गोरा असता, तर निदान ओळखू आला असता."

मला आमच्या गावातले एक आबा आठवत होते. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी सभेत उठून प्रश्न विचारला होता, अगदी साधा, पाळ्या कोण ठरवतं असा. त्या उन्हाळ्यात त्यांच्या पाटाचं लोखंडी दार नादुरुस्त झालं आणि ते दुरुस्तच होईना. पाटकरी, म्हणजे पाण्याची दारं उघडझाप करणारा माणूस, रोज उद्या म्हणायचा. डाळिंबाची बाग उभ्या उभ्या वाळली. कुणी काही केलं असं कुणी म्हणालं नाही. गावही आबांकडे फिरकलं नाही, आम्हीही नाही. आबा आता दूध संकलन केंद्रात कॅन धुतात आणि सभेला येत नाहीत.

पाहुणीचं काम संपलं. जाताना तिनं मला हिरव्या कॉफीची पिशवी दिली, मी तिला कारळ्याची चटणी बांधून दिली. विमानतळावर चटणी काढून टाकतील म्हणून मी तिच्याइतकीच घाबरले होते. पोचल्यावर तिचा निरोप आला, चटणीचा फोटोही आला. मग तिच्या भागात काही गडबड सुरू झाल्याचं बातम्यांत दिसलं आणि निरोप थांबले. मी लिहिलं, कशी आहेस? एकच टिक. भाजी चिरताना बघायची, एकच टिक. देवापुढे दिवा लावून बघायची, एकच टिक. मी इतकी वर्षं शिकवलेल्या इतिहासातला एकही माणूस माझ्या ओळखीचा नव्हता, म्हणून मला तो शिकवता आला, हे मला तेव्हा कळलं.

दरम्यान सेक्रेटरीनं माहिती दिली की करारावर सह्या व्हायच्या आधी एक विशेष सभा होईल. तिथला पहिला विषय नेहमीचाच, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. ते एकदा कायम झालं की संपलं. म्हणजे कुणाला नाही म्हणायचं असेल तर तेवढीच एक जागा होती, आणि तीही मंजूर मंजूरच्या गजरात शोधायची.

मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बोला. ते म्हणाले, "तात्या माझा भाऊ हाय." मग म्हणाले, "आणि बाग?" बागेसाठीच तर बोलायचं, मी म्हटलं. बागेसाठीच गप बसायचं, असं त्यांचं म्हणणं. दोघंही खरं बोलत होतो. आम्ही जेवलो नाही धड. मी चार घरी जाऊन आले. सगळ्यांना उरलेलं या शब्दाचा अर्थ कळत होता, सगळे म्हणाले तुम्ही बोला बाई, आम्ही आहोत. आम्ही आहोत म्हणताना प्रत्येकानं दाराकडे पाहिलं.

सभेच्या दिवशी मंडपात मी मुद्दाम मधल्या खुर्चीवर बसले, म्हणजे पळून जाता येऊ नये. सेक्रेटरीनं इतिवृत्त वाचायला घेतलं. तलावाचा विषय आला. पुढच्या रांगेतून आवाज आलाच, "मंजूर!" मागून गजर उठला. मी उभी राहिले, म्हणजे पाय उभे राहिले, वर्गात साठ पोरांवर चालणारा आवाज खालीच राहिला. गजर ओसरत गेला आणि तो पूर्ण थांबायच्या आत मी म्हणाले, "मला न्हाय मंजूर."

मी अशी बोलत नाही. शाळेत मी पोरांची भाषा सुधारत आले. पण त्या क्षणी तोंडातून सासूची भाषा आली. त्या चार घरांतली माणसं चहाच्या कपात बघत होती. कुणीही उठलं नाही. तात्यांनी माइक हातात घेतला. रागावले नाहीत. हसले, लग्नात आग्रह करताना हसतात तसे.

"बरं, वैनी," ते म्हणाले. "तुमची पाण्याची पाळी कवा हाय?"

एवढंच. सगळ्या मंडपाला ऐकू गेलं आणि सगळ्या मंडपाला कळलं. मी खाली बसणार होते. माझी आयुष्यभराची सवय मला खाली ओढत होती. तेवढ्यात शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नवरा उभा राहिला होता. भावाच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणतानाही ज्यांना घाम फुटला होता, ते माझे नवरे.

"बुधवारी," ते म्हणाले. "आमी पाटावरच थांबतो."

आमचे दोन विरोध नोंदवून घेतले गेले. विषय मात्र त्या दिवशी कायम झाला नाही, हात मोजायची वेळ येऊ नये म्हणून तात्यांनी तो पुढच्या सभेवर ढकलला. काही लोक म्हणतात ही जीत झाली. मला तसं वाटलं नाही. मला कळत होतं की तात्या आणि सगळं गाव आता बुधवारची वाट बघतंय. आमच्या पाटाला पाणी आलं तर पुढच्या सभेत आणखी चार तोंडं उघडतील. नाही आलं, तर आम्हीही कॅन धुवायला मोकळे.

बुधवारी सकाळी आम्ही बागेच्या कडेला पाटावर जाऊन बसलो. पेरूला नुकती फुलं लागली होती. आमची पाळी सुरू व्हायची वेळ झाली आणि टळली. पाट कोरडा होता, तळाच्या मातीला भेगा. वरच्या बाजूनं पाटकरी मोटारसायकलवर गेला, आमच्याकडे न बघता. नवऱ्यानं फोन लावला, त्यानं उचलला नाही. रस्त्यानं ओळखीची माणसं जात होती, लांबूनच हात करत होती. थांबलं कुणी नाही. ऊन चढत गेलं. मी मोबाइल काढून पाहिला. तिच्या नावापुढे एकच टिक. मला तिच्या काकांचं दार दिसायला लागलं, जे मी कधी पाहिलं नव्हतं. बंद दार, आणि समोरून जाणारं गाव. आपल्याला कुणी मारणार नाही, तुरुंगात टाकणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी नवऱ्याजवळ सरकले. त्यांनी माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण उघड्या रानात त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता.

मग दूध केंद्राच्या बाजूनं कुणीतरी चालत येताना दिसलं. आबा होते. हात अजून ओले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केलेला. आम्ही दोघं एकदम उठून उभे राहिलो. त्यांनी पाटात वाकून पाहिलं, कोरडी माती बोटांनी चुरली, आणि आमच्या शेजारी बांधावर फतकल मारून बसले. नवऱ्याकडे तंबाखू मागितली. ती हातावर मळत, पाटाकडेच बघत ते म्हणाले, "त्या साली मी बी असाच बसलो हुतो. माझ्या पाटावर. एकटाच."

आम्ही दोघंही खाली बसलो. आबांनी तंबाखूची चिमूट ओठात ठेवली, हात झटकले. मग तिघंही वर तलावाकडे बघत राहिलो. पाणी अजून आलेलं नव्हतं.